बाबूजींनी अडवले नव्हते

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. बी.कॉम. झाल्यापासून आजवरचे आयुष्य दुकानाच्या गादीवर गेले. बोलण्याचा सराव आहे तो गिऱ्हाइकापुढे कापडाचा तागा उलगडताना बोलावे लागते तेवढाच. त्यामुळे चिटणीसांनी 'सैन्यदलातील अधिकारीपद आणि आपला विद्यार्थी' हा विषय मला दिला तेव्हा मी म्हणालो, "माझा यात काय अधिकार?" ते म्हणाले, "काकाजी, कॉलेजात असताना फौजेच्या अफसरीचा फॉर्म भरणारे आपल्या समाजातले तुम्हीच आम्हाला ठाऊक आहात. बाबूजींनी अडवलं म्हणून राहिलात, नाहीतर आज कर्नलसाहेब असता."

ज्येष्ठ मंडळी मान डोलावत आहेत. ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती मीच सांगितलेली आहे. ती खरी नाही. आजच्या भाषणाचे मुख्य काम तेवढेच आहे. पण क्रमाने सांगतो.

१९८१ साल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातील एक तालुका होता. आपला जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मी एन.एम.डी. महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज आटोपले की दुकान, आणि दुकान आटोपले की अभ्यास. एन.सी.सी.चा खाकी गणवेश मात्र मी मोठ्या हौसेने घालीत असे. घरी त्याला इस्त्री करताना आई म्हणे, "कपड्याचं दुकान आपलं, अन् पोराला आवडतं सरकारी कापड." आपल्या गोंदियाला फौज दिसते ती रेल्वेतून. हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन असल्याने सुट्टीवर जाणारे जवान फलाटावर ट्रंकेवर बसलेले दिसत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बिरसीची धावपट्टी जवळ होती, तेथे आम्ही सायकलने जात असू. एवढीच आमची लष्कराशी ओळख.

त्या काळी वाचनालयात 'रोजगार समाचार' येई. त्यात संघ लोकसेवा आयोगाची जाहिरात वाचली: संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सी.डी.एस. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो, हे वाचून मी दोनदा तारीख तपासली. देहरादूनची सैनिकी अकादमी आणि मद्रासचे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल यांना कोणत्याही शाखेची पदवी चालत असे. नौदल-वायुदलाची दारे आम्हा वाणिज्यवाल्यांना बंद होती. मद्राससाठी तर गणिताचा पेपरही नव्हता. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, बस्स. मी फॉर्म भरला आणि पोस्टात टाकला. घरी सांगितले चार दिवसांनी.

आपल्या घरांत अशा वेळी काय होते ते आपण जाणता. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच आली नाही. मोठ्या काकांनी विचारले, "मुंगी मेली तर प्रायश्चित्त घेणारे आपण, तू माणसावर बंदूक धरशील?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो मला आजही पडतो. बाबूजी मात्र काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी म्हणाले, "चल, महाराजसाहेबांना विचारू."

चातुर्मास चालू होता. महाराजसाहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "साधू यात हो म्हणू शकत नाही. हिंसेच्या कामाला आमची अनुमोदना नसते. पण भगवतीसूत्रात एक प्रसंग आहे तो ऐकून जा." तो प्रसंग बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

गौतमस्वामींनी भगवान महावीरांना विचारले, रणात मरणारे सगळे स्वर्गाला जातात असे लोक म्हणतात, ते खरे काय? भगवंतांनी सांगितले, ते खरे नाही. आणि मग वरुणाची कथा सांगितली. वैशालीचा राजा चेटक आणि मगधाचा कूणिक यांच्यातील रथमुसल संग्रामाची ही वेळ. वरुण हा बारा व्रते पाळणारा श्रावक. त्याला दोन दिवसांचा उपवास चालू असताना राजाज्ञा आली. त्याने उपवास सोडला नाही, उलट तीन दिवसांचा केला, आणि रथावर चढण्यापूर्वी नियम घेतला की जो माझ्यावर प्रथम प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन. समोरचा योद्धा म्हणाला, "चालव बाण." वरुण म्हणाला, "प्रथम प्रहार मी करीत नाही." त्याने बाण मारला, वरुण घायाळ झाला, आणि मग एकाच बाणात त्याने समोरच्याला पाडले. त्यानंतर रथ एकांतात नेला, घोडे मोकळे केले, दर्भाचे आसन पसरले, पूर्वेकडे तोंड करून सर्व हिंसेचा जन्मभरासाठी त्याग केला, अंगातला बाण उपसला आणि देह ठेवला. त्याचा बालमित्रही त्याच रणात जखमी झाला होता. त्याला व्रते ठाऊक नव्हती. त्याने एवढेच म्हटले की माझा मित्र वरुण याची जी व्रते असतील ती माझीही असोत.

लक्षात घ्या, आगमाने युद्धाचा गौरव केलेला नाही. स्वर्गाची लालूच तर स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. पण राजाज्ञेने रणात गेलेल्या श्रावकाला श्रावकपणातून बादही केलेले नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. गृहस्थाने पूर्णपणे सोडायची ती संकल्पी हिंसा. बाकीची आपण शेतीत, गिरणीत, दुकानात रोज करीतच असतो. तिचा हिशेब मात्र ठेवायचा असतो.

आपल्या इतिहासाविषयीही एक शब्द. भामाशाहांचे नाव आपण प्रत्येक सभेत घेतो, कारण त्यांनी धन दिले आणि धन देणे आपल्याला जमते. पण श्रवणबेळगोळ येथे सुमारे इ.स. ९८१ मध्ये बाहुबलींची मूर्ती उभी करविणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. आबूच्या विमलवसहीसाठी आपण पहाटे रांगेत उभे राहतो. ती १०३१ मध्ये बांधविणारे विमलशाह हे सोळंकी राजा भीमदेवाचे दंडनायक. यात्रेत आपण खांब पाहतो, बांधणाऱ्याचा धंदा विचारीत नाही.

असो. उपाश्रयाच्या पायऱ्या उतरताना बाबूजी म्हणाले, "फॉर्म भरला आहेस तर परीक्षा दे. दुकान माझं आहे, तुझं नाही झालं अजून." एवढेच. यात अडवणे कोठे आले?

लेखी परीक्षा नागपूरला दिली. उत्तीर्ण झालो. मग भोपाळच्या निवड मंडळाचे, ज्याला एस.एस.बी. म्हणतात, बोलावणे आले. बाबूजींनी गल्ल्यातून दोनशे रुपये काढून दिले, आणि आपल्या रीतीप्रमाणे त्याच रात्री रोजमेळात नावे टाकले. आईने सुक्या पुऱ्या आणि खाकरे बांधून दिले. नागपूर, इटारसी, भोपाळ असा प्रवास झाला.

त्या दिवसांविषयी विद्यार्थ्यांना थोडे तपशिलाने सांगतो, कारण तयारी करणाऱ्याला हेच कोणी सांगत नाही. तेथे तुमच्या नावाऐवजी छातीवर क्रमांकाचा बिल्ला येतो. एका खोलीत पडद्यावर चित्र अर्धा मिनिट दिसते आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रे, बारावा पडदा कोरा. त्या कोऱ्या पडद्यावर बाकीच्यांना काय दिसले कोण जाणे, मला दुकान दिसले आणि मी दुकानाची गोष्ट लिहिली! मग साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद. विचार करायला उसंतच नाही, मनात असेल तेच कागदावर येते. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देतात आणि आठ-दहा मुलांनी मिळून अडथळा पार करायचा असतो. कोणी ओरडतो, कोणी हुकूम सोडतो. पाहणारे अधिकारी बाजूला शांतपणे टिपण करीत असतात. पहिलवान शोधायला ते बसलेले नसतात, हे मला तिसऱ्या दिवशी उमगले.

जेवणाची चिंता घरी सर्वांना होती. मी सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि कंदमुळे खात नाही, असे मेसमध्ये हात जोडून सांगितले. आचाऱ्याने "ठीक है बेटा" म्हणून रोज दिवस मावळण्यापूर्वी वरण-पोळी बाजूला काढून ठेवली. त्याबद्दल कोणीही टिंगल केली नाही. ज्या माता आज याच चिंतेत आहेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

मग मुलाखत झाली. अधिकाऱ्यांनी दुकानाची, वडिलांची, समाजाची चौकशी केली. "वडिलांची संमती आहे?" मी उत्साहाने सांगितले, बाबूजी कसे तयार झाले, महाराजसाहेबांनी काय सांगितले, वरुणाची कथादेखील सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हे झालं वडिलांचं. तुम्हाला का यायचं आहे?"

मी थांबलो. खरेच सांगतो, उत्तर तयार नव्हते. घरच्यांना पटविण्यात माझी सगळी शक्ती खर्च झाली होती, स्वतःला मी कधी विचारलेच नव्हते. काहीतरी देशसेवेचे बोललो. ते मलाच उसने वाटले.

शेवटच्या दिवशी सर्व अधिकारी गणवेशात एकत्र बसतात आणि एकेकाला आत बोलावतात. नंतर निवडलेल्यांचे क्रमांक पुकारले जातात. आमच्या तुकडीतील तीन क्रमांक पुकारले गेले, त्यांत माझा नव्हता. ते तिघे वैद्यकीय तपासणीसाठी थांबले, आम्हा उरलेल्यांना प्रवासभाडे देऊन स्टेशनवर पोचविण्यात आले. का निवडले नाही हे मंडळ कधीच सांगत नाही. माझ्या खोटेपणाला जागा मिळाली ती याच मोकळ्या कारणामुळे.

घरी आल्यावर बाबूजींना खरे सांगितले. ते म्हणाले, "वय आहे अजून. पुन्हा भरतोस?" मी म्हणालो, "मन उतरलं, बाबूजी." ते पुढे काही बोलले नाहीत. मंडळाने दिलेले भाडे मी त्यांच्या हाती ठेवले आणि त्यांनी ते जमा करून घेतले.

दोन-तीन दिवसांनी मंदिरासमोर एका ज्येष्ठ श्रावकांनी हसत विचारले, "काय रे, झालास का अफसर?" भोवती पाच-सात माणसे होती. मी बोलून गेलो, "बाबूजींचं मन नव्हतं, म्हणून सोडून दिलं." आणि वळून पाहिले तर बाबूजी माझ्या मागेच जोडे काढीत होते. त्यांनी ऐकले होते. त्या मनुष्याने आयुष्यात कधी कापड मोजताना बोटभर कमी दिले नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता आत दर्शनाला गेले. ना तेव्हा खुलासा केला, ना नंतर.

लोक त्यांना तोंडावर म्हणत, "शेठजी, पोराला जाऊ द्यायला हवं होतं." कोणी म्हणत, "बरं केलंत, धर्म राखलात." दोन्ही ऐकून ते मान हलवीत. १९८२ पासून २००३ पर्यंत बावीस संवत्सऱ्या मी त्यांच्या पायांवर डोके ठेवून क्षमा मागितली. ती ढोबळ क्षमा, जाणता-अजाणता म्हणतात तशी. ही चूक एकदाही नाव घेऊन मागितली नाही. २००४ मध्ये ते गेले.

एवढ्यावर हे घरातले प्रकरण राहिले असते तर मी ते व्यासपीठावर आणले नसते. पण त्या वाक्याने पुढे इतरांची वाट अडवली. समाजातील एका मुलाला पुढे हाच फॉर्म भरायचा होता. त्याचे वडील म्हणाले, "त्या शेठजींसारख्या समजदार माणसानेसुद्धा पोराला जाऊ दिलं नाही, तू कोण लागून गेलास?" हे मला त्याच आठवड्यात कळले होते. माझे दुकान त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. तो मुलगा आज स्वतः दोन मुलांचा पिता आहे, येथे समोर बसलेला आहे, आणि हे सांगण्याची परवानगी मी त्याच्याकडून काल घेतली. तो म्हणाला, "सांगा काकाजी, मी काही वाईट नाही राहिलो." खरे आहे. पण त्याचा कोरा पडदा कोणी त्याला दाखवलाच नाही.

गेल्या दिवाळीनंतर आपल्याच समाजातील बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी दुकानात आली. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र तिच्या हाती होते. म्हणाली, "काकाजी, पप्पा म्हणतात तुमच्या बाबूजींनीसुद्धा नाही म्हटलं होतं. तुम्हाला आयुष्यभर वाईट वाटलं का हो?" मला उत्तर देता आले नाही. तिला बसवले, चहा सांगितला, आणि तिच्या देखत आतल्या कपाटातून १९८२ ची रोजमेळाची वही काढली. ती वही आज सोबत आणली आहे. भाषण झाल्यावर ज्याला पाहायची असेल त्याने पाहावी. बाबूजींच्या अक्षरात लिहिले आहे: 'चिरंजीव, फौज परीक्षा, भोपाळ प्रवास, रुपये २००.' अडवणारा मनुष्य खर्च नावे टाकीत नसतो.

आता विद्यार्थ्यांसाठी कामाचे थोडे. सी.डी.एस. परीक्षा आयोग आजही वर्षातून दोनदा घेतो. अर्ज संगणकावरून भरायचा असतो, पुरुष उमेदवारांना शुल्क दोनशे रुपये, मुलींना माफ. वाणिज्य शाखेला देहरादून आणि चेन्नई हे दोन मार्ग खुले आहेत. मद्रासचे ते स्कूल १९८८ पासून अकादमी म्हणवते. तेथील प्रशिक्षण एकोणपन्नास आठवड्यांचे, त्या काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन, आणि नोकरी प्रथम दहा वर्षांची, पुढे चार वर्षे वाढू शकणारी. ज्यांना जन्मभराची भीती वाटते त्या पालकांनी हा आकडा ऐकून ठेवावा. दहा वर्षांनी मुलगा किंवा मुलगी परत दुकानात बसू शकते, आणि तेव्हा मुनीमजी वेळेवर येतील अशी मला खात्री आहे. ज्यांच्याकडे एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीचे आहे आणि पदवीला पन्नास टक्के गुण आहेत, त्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट मंडळापुढे जाता येते. मात्र आता मंडळात पहिल्याच दिवशी चाळणी लागते. त्या दिवशी गळलेला त्याच दिवशी परततो. कोणी परतला तर त्याच्या तोंडावर हसू नका. हसण्याची भीती काय करविते ते आपण आताच ऐकले.

मुली अधिकारी होऊ लागल्या त्या १९९२ पासून. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सैन्यातील महिला अधिकाऱ्यांचा स्थायी नियुक्तीचा हक्क मान्य केला, २०२१ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार उघडले, आणि मे २०२५ मध्ये तेथून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. बारावीच्या आधीच ज्यांचे ठरले असेल त्यांच्यासाठी राज्य शासनाची संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी तशीच नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. गोंदियाहून ही गावे दूर आहेत खरी. पण आपण कापड घ्यायला सुरतेला जातोच की.

हे फक्त लढवय्या घराण्यांचे काम आहे, असाही समज असतो. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या एस.आय.ई.एस. महाविद्यालयातून पदवी घेतली. मद्रासच्या त्याच स्कूलमधून १९७२ मध्ये ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पालकांना मी धोका नाही असे सांगणार नाही. धोका आहे, आणि तो जाणूनच संमती द्यावी किंवा नाकारावी. नाकारायची असेल तर आपल्या नावाने नाकारावी. माझ्या बाबूजींच्या नावाने यापुढे कोणी नाकारू नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

त्या मुलीला मी एकच प्रश्न विचारला, जो मला भोपाळला विचारला गेला होता: "तुला का जायचं आहे?" ती म्हणाली, "अजून नीट सांगता येत नाही काकाजी, पण पप्पांसाठी नाही आणि पप्पांविरुद्धही नाही." माझ्यापेक्षा बरे उत्तर आहे. तिचे वडील दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी काय करावे हे मी सांगणार नाही. साधूंनी सांगितले नाही तेथे मी कोण? एवढेच सांगतो की त्यांच्या घरी यापूर्वी जी गोष्ट दाखला म्हणून सांगितली गेली ती खोटी होती, आणि ती माझी होती.

बाबूजी, तुमच्या माथी मी जे घातले ते आज सर्वांसमक्ष काढून घेतो. आणि जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.